युद्धपटांतले संवाद ओळखा (मराठीतून)

तोफखाना
मंडळी, पावसाने सगळे घरात अडकलेत, तेव्हा एक खेळ घेऊ. जुन्या युद्धपटांतलं एखादं वाक्य द्यायचं, बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. वाक्य मराठीत लिहायचं म्हणजे कुणी ते गुगलच्या तोंडावर फेकून उत्तर आणणार नाही. ओळखणाऱ्याने कोण म्हणतो, कुठल्या प्रसंगात म्हणतो हेही सांगायचं. नुसतं नाव टाकून पळ काढणाऱ्याला अर्धे गुण.

सुरुवात माझ्याकडून:

१. "अहो, इथे मारामारी कसली करताय? ही वॉर रूम आहे!"
२. "आनंदाने काम करा."
३. "हा मेलाय. मी लंगडा झालोय. तू हरवलायस. युद्ध नेहमी असंच असतं का?"
४. "आपणच का?" "कारण आपण इथे आहोत, पोरा. दुसरं कुणी नाही."

एक काडी टाकून ठेवतो. माझं ठाम मत आहे की युद्धपटात डोक्यात राहतं ते हळू आवाजात बोललेलं वाक्य. शिरा ताणून म्हटलेले डायलॉग थिएटरात टाळ्या घेतात आणि पार्किंगपर्यंत विरतात. मारा आता मला.

चिंगी
१ = डॉ. स्ट्रेंजलव्ह! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे वाक्य फलकावर लिहून लावायला हवं.

वेताळटेकडी
चिंगी, अर्धे गुण. प्रसंग मी सांगतो. जगाचा अंत तासाभरावर आलाय, अमेरिकेचा एक जनरल आणि रशियाचा राजदूत जमिनीवर एकमेकांना धरून झोंबतायत, आणि राष्ट्राध्यक्ष कारकुनी स्वरात त्यांना सभ्यपणा शिकवतो. राष्ट्राध्यक्ष म्हणजे पीटर सेलर्स, त्याच सिनेमात त्याच्या आणखी दोन भूमिका आहेत. झोंबणारा जनरल जॉर्ज सी. स्कॉट. हाच माणूस सहा वर्षांनी 'पॅटन' सिनेमात अमेरिकन जनरल पॅटन झाला आणि मिळालेलं ऑस्कर त्याने नाकारलं.

पण हा युद्धपट धरायचा का? एक गोळी धड कुणी झाडत नाही.

तोफखाना
झाडतात हो, हवाईतळावर चांगली चकमक आहे. शिवाय शेवटी एक गृहस्थ अणुबॉम्बवर मांड ठोकून खाली जातात. अजून काय हवं?

तिरपागडा
२ ओळखलं नाही, पण आमच्या कंपनीतल्या एचआरच्या दर सोमवारच्या मेलचा विषय हाच असतो.

पर्णिका
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) तिरपागडा! २ म्हणजे 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', १९५७. जपानी छावणीप्रमुख कर्नल साइतो ब्रिटिश कैद्यांना पूल बांधायला जुंपतो आणि भाषण संपवताना हे म्हणतो. ते काम करणाऱ्या सेस्स्यू हायाकावाने ते इतक्या गंभीरपणे म्हटलंय की हसावं की घाबरावं कळत नाही. त्या सिनेमातलं माझं आवडतं वाक्य मात्र डॉक्टरचं. शेवटी पूल उडतो, आगगाडी नदीत कोसळते, सगळे मरून पडलेले, आणि डॉक्टर एकच शब्द म्हणत राहतो, "वेडेपणा! वेडेपणा!"

खडीसाखर
पर्णिका, शेवट सांगून टाकलास की!

पर्णिका
खडीसाखर, सिनेमा आपल्या आईबाबांपेक्षा म्हातारा आहे गं. साठ वर्षांनंतर रहस्यभेदाचा गुन्हा लागत नाही.

रानवाटा
तो पूल आणि ती आगगाडी श्रीलंकेत कितुलगलाला खरोखर उभी करून खरोखर उडवली होती. आता तिथे केलानी नदीत राफ्टिंग चालतं, नावाडी जागा दाखवतो. थायलंडमध्ये कांचनाबुरीला जो पूल लोक बघायला जातात त्याची गंमत वेगळीच. तिथल्या नदीचं नाव क्वाय नव्हतंच. सिनेमा बघून पर्यटक 'क्वाय कुठे, क्वाय कुठे' विचारत यायला लागले, शेवटी १९६० मध्ये सरकारने नदीचंच नाव बदलून टाकलं.

एक खटकलं ते सांगतो. सिनेमाभर कैदी म्हणजे गोरे सैनिक. तो पूल ज्या बर्मा-थायलंड रेल्वेचा, त्या रेल्वेवर बारा हजारांवर युद्धकैदी मेले हे खरंच, पण त्याहून कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून उचलून आणलेले तमिळ मजूर फार होते. कांचनाबुरीत सैनिकांच्या कबरी ओळीने आखीव आहेत, हिरवळ कापलेली. मजुरांसाठी तसलं काही शोधायला गेलात तर पायपीट करावी लागते. सिनेमात त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही.

वेताळटेकडी
रानवाटा, +१. आणि पडद्यामागेही तेच. पटकथा लिहिणारे दोघे, कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन, हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या) होते. म्हणून नाव आणि ऑस्कर दोन्ही मूळ कादंबरीकार पिअर बूलला दिलं. या गृहस्थांनी इंग्रजीत पटकथा लिहिलीच नव्हती. खऱ्या दोघांना तो मान मिळाला तो मरणोत्तर.

सदूभाऊ
अभ्यासू मंडळी, जरा खेळ पण खेळा. माझं घ्या, एकदम सोपं.

"सकाळी सकाळी नेपामचा वास मला फार आवडतो." (नेपाम म्हणजे आग लावणारे बॉम्ब.)

चिंगी
अॅपोकॅलिप्स नाऊ. आमच्याकडे सकाळी शेजारचे काका पालापाचोळा जाळतात, मला मुळीच आवडत नाही.

सदूभाऊ
धागालेखकाच्या मताला इथे सुरुंग लावतो. हा कर्नल किलगोर भर समुद्रकिनाऱ्यावर, उघड्या अंगाने, डोक्यावर घोडदळाची काळी टोपी घालून मोठ्या आवाजात हे म्हणतो. हेलिकॉप्टरांवर भोंगे लावून वॅग्नरचं संगीत वाजवत हल्ला करणारा माणूस. हळू आवाज वगैरे काही नाही आणि जगभर हेच वाक्य पाठ आहे.

तोफखाना
सदूभाऊ, तो प्रसंग पुन्हा बघा. वासाचं बोलून झालं की तो जरा थांबतो आणि म्हणतो, "कधीतरी हे युद्ध संपणार." आणि चेहऱ्यावर चक्क नाराजी! शाळेला सुट्टी लागणार म्हणून हिरमुसलेला हेडमास्तर कुणी पाहिलाय का? खरं वाक्य ते आहे. मधलं पाठ झालं, शेवटचं निसटलं.

सदूभाऊ
म्हणजे लोकांना पाठ आहे ते मोठ्याने म्हटलेलं, हे तुम्हीच कबूल केलंत. धन्यवाद.

तिरपागडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडीसाखर
माझा प्रश्न. वाक्य फक्त दोन शब्दांचं आहे, "गुड लक." याचं मराठी करता येत नाही, कारण ते इंग्रजीत आहे म्हणूनच तर घोळ झाला.

फौजी_आप्पा
द ग्रेट एस्केप. कितीही वेळा पाहिला तरी त्या जागी पोटात गोळा येतो.

छावणीतून भुयार खणून पळालेले दोन ब्रिटिश अधिकारी नागरी कपड्यांत बसच्या रांगेत आहेत. गेस्टापोचा माणूस कागद तपासतो. बनावट कागद पसंत पडतात, फ्रेंच बोलणंही निभावतं. दोघं बसच्या पायरीवर चढतात. इतक्यात तो सहज इंग्रजीत म्हणतो, "गुड लक." आणि मागचा वळून "थँक यू" म्हणून मोकळा. लेखकाची खरी करामत अशी की हाच मागचा, मॅक, पळण्याआधी बाकीच्या कैद्यांची तोंडी परीक्षा घेत होता आणि नेमक्या याच सापळ्यात त्यांना पकडून झापत होता.

छावणी, भुयारं, टॉम, डिक आणि हॅरी ही भुयारांची नावं, हे सगळं खरं. ७६ जण बाहेर पडले, त्यांतल्या ५० जणांना पकडून गोळ्या घातल्या. स्टीव्ह मॅक्वीनची मोटारसायकलवरून कुंपण ओलांडायची उडी मात्र सिनेमाची.

खडीसाखर
आप्पा, पूर्ण गुण आणि वर चहा.

वेताळटेकडी
रच्याकने (जाता जाता), मॅकबरोबर पायरी चढणारा तो रिचर्ड अॅटनबरो. पुढे दिग्दर्शक झाला, १९७७ मध्ये 'अ ब्रिज टू फार' केला आणि त्यानंतर पाच वर्षांनी 'गांधी', ज्याचं थोडं चित्रीकरण आमच्या पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये झालं. पुण्याचा संबंध आल्याशिवाय धागा पूर्ण होत नाही, म्हणून लिहिलं.

तिरपागडा
वाटच बघत होतो पुणेकराची.

वेताळटेकडी
आता त्याच 'ब्रिज टू फार'मधलं वाक्य. सिनेमा सांगून टाकलाय, प्रसंग सांगा: "माफ करा, तुम्हा सगळ्यांना कैदी म्हणून ठेवायला आमच्याकडे पुरेशी सोय नाही!"

पर्णिका
आर्नेमचा पूल! सप्टेंबर १९४४. मूठभर ब्रिटिश पॅराशूटवाले सैनिक पुलाच्या टोकाशी घरांत अडकलेत, दारूगोळा संपत आलाय, समोर जर्मन रणगाडे. जर्मन अधिकारी पांढरं निशाण घेऊन येतो, शरणागतीची बोलणी करू म्हणतो. सोबत पावसाळी छत्री बाळगणारा ब्रिटिश मेजर त्याला वरून हे उत्तर देतो. तुम्हीच शरण यायला आलायत असं समजून! तो जर्मन क्षणभर गोंधळतो ते बघण्यासारखं आहे. छत्री खोटी वाटते ना? तसा छत्रीवाला मेजर त्या लढाईत खरंच होता.

तोफखाना यांच्या बाजूने एक मत. शत्रूला इतक्या अदबीने नकार.

सदूभाऊ
पर्णिका, खिडकीतून ओरडूनच सांगतो तो. माझ्या बाजूचं मत.

डांगोरा
तुमचे इंग्रजी पिक्चर राहू द्या बाजूला.

"मथुरादास, इससे पहले कि मैं तुझे गद्दार करार देकर गोली मार दूँ, भाग जा यहाँ से!"

मराठीत केलं नाही, धागालेखकाने माफ करावं. सनी पाजींचं भाषांतर करायची माझी हिंमत नाही.

चिंगी
बॉर्डर!!! १९९७. हे ओळखायला सिनेमा बघावा लागत नाही, भारतात जन्म पुरतो.

सदूभाऊ
घ्या तोफखाना. पार्किंगपर्यंत विरतात म्हणे. इतक्या वर्षांनी एक जण मथुरादास म्हणाला की बाकीचे पुढचं म्हणतात.

तोफखाना
पाठ आहे हे मान्य. पण त्यातून लोंगेवालाच्या त्या रात्रीबद्दल काय कळलं? कुठल्याही सिनेमात कुठल्याही मथुरादासला हेच म्हणता आलं असतं. क्वायमधलं साइतोचं वाक्य क्वायच्या बाहेर काढा, एचआरची मेल उरते.

डांगोरा
अहो पण एचआरची मेलसुद्धा लक्षात राहिलीच ना?

फौजी_आप्पा
मी लष्कराच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात होतो, म्हणून दोन गोष्टी.

लोंगेवाला, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ची रात्र. २३ पंजाबची एक कंपनी, शे-सव्वाशे माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोर रणगाड्यांची रेजिमेंट. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री दिसायची सोय नव्हती, म्हणजे उजाडेपर्यंत ठाणं धरून ठेवणं हेच काम. त्या रात्री रेडिओवर काय बोलणं झालं असेल? रणगाड्यांची संख्या, अंतर, दिशा, विमानं कधी. बस. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं. सिनेमात आपली माणसं धडाधड पडतात, प्रत्यक्षात दोन जवान गेले. उजाडल्यावर हंटरनी वाळूत फसलेले रणगाडे टिपले. मला विचाराल तर दोनच माणसं गमावून ठाणं राखणं ही जास्त मोठी गोष्ट आहे, पण तिच्यावर गाणं होत नाही.

दुसरं, रेडिओवर 'ओव्हर अँड आउट' म्हणणारा पडद्यावर दिसला की मी टीव्हीशी भांडतो. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आउट म्हणजे संभाषण संपलं. एकाच दमात दोन्ही कसं? त्या मानाने 'व्हेअर ईगल्स डेअर'मध्ये रिचर्ड बर्टन नुसतं "ब्रॉडस्वर्ड कॉलिंग डॅनी बॉय" म्हणत राहतो ते बरं वाटतं. हाक आणि वाट बघणं, रेडिओ म्हणजे तेवढंच.

रानवाटा
आप्पा, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गडकरी_पोर
माझं पण घ्या: "आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं."

तिरपागडा
सोप्पं! सिनेमा... थांबा, नेमका कुठला? हे डझनभर सिनेमांत, शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात आणि आमच्या मंडळाच्या देखाव्यात आहे.

गडकरी_पोर
म्हणूनच टाकलं. आता द्या उत्तर. :-)

मडगांवकार
हांगा गोंयकार कोण ना? बरं, मराठीत लिहितो. वाक्य देत नाही, प्रसंग देतो, नियम मोडला तर मोडला. कलकत्त्याचे पोट सुटलेले ब्रिटिश बॉक्सवाले (व्यापारी कंपन्यांतले साहेब), क्लबात दारू पिणारे, वयाने पन्नाशीकडे. हे लोक तटस्थ पोर्तुगीज बंदरात शिरून जर्मन जहाज उडवतात. सिनेमा?

वेताळटेकडी
द सी वुल्व्हज, १९८०. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. बंदर तुमचं मुरगाव.

मडगांवकार
बरोबर! आणि शूटिंगही इथेच झालं. रॉजर मूर गोव्यात हिंडत होता, आमचे थोर लोक अजून सांगतात. आता खरी गोष्ट ऐका. मार्च १९४३. मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज आसऱ्याला उभं होतं, आणि इंग्रजांची माहिती अशी की त्याच्या वायरलेसवरून अरबी समुद्रातल्या यू-बोटींना (जर्मन पाणबुड्यांना) जहाजांचे ठावठिकाणे जातात. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ, फौज पाठवता येत नाही. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्सचे हे हौशी स्वार. ते रेल्वेने कोचीला गेले. 'फीबी' नावाचा गाळ वाहायचा पडाव कलकत्त्याहून वळसा घालून तिथे आला, त्यात बसून ते रात्री मुरगावात शिरले. बाकीच्या खलाशांना किनाऱ्यावर रमवण्यासाठी मेजवानीची सोय केलेली होती, कसली ते सभ्य लोकांनी विचारू नये. एरेनफेल्स बुडालं, शेजारच्या जहाजांनी घाबरून स्वतःलाच जलसमाधी दिली. मोहीम गुप्त, त्यामुळे पदक कुणालाच नाही. १९७८ पर्यंत जगाला पत्ता नव्हता.

पर्णिका
हे अजिबात माहीत नव्हतं. वास्कोला इतक्यांदा गेले आणि कुणी एक शब्द सांगितला नाही.

चिंगी
पदकावरून आठवलं. माझा प्रश्न: "मला पदक नको. त्याऐवजी घरी जाऊन आईला भेटता येईल का? आमचं छप्पर गळतंय."

रानवाटा
बॅलड ऑफ अ सोल्जर! रशियन, १९५९. फिल्म सोसायटीत पाहिला होता. एकोणीस वर्षांचा अल्योशा, घाबरून पळता पळता दोन रणगाडे उडवतो. जनरल पदक द्यायला बोलावतो तर हा छपराचं काढतो. जनरलही हिशेब करतो, जायला दोन दिवस, यायला दोन, छपराला दोन. पुढचा सगळा सिनेमा हे सहा दिवस वाटेत कसे खर्ची पडतात त्याचा.

शेवट सांगत नाही, खडीसाखर रागावेल.

तोफखाना
रानवाटा, चिंगी, यावर मला काही सिद्ध करायची गरजच उरली नाही. कोकणातल्या माणसाला विचारा, जूनच्या आधी घरी पोचून छप्पर शाकारणं म्हणजे काय ते.

सदूभाऊ
हे मात्र मानलं. काही बोलत नाही.

डांगोरा
सदूभाऊ गप्प! तारीख लिहून ठेवा.

वेताळटेकडी
मंडळी, मूळ धाग्यातले ३ आणि ४ अजून तसेच पडलेत.

४ = झुलू, १९६४. दक्षिण आफ्रिकेतलं रोर्क्स ड्रिफ्ट, जानेवारी १८७९. दीडशेच्या आसपास ब्रिटिश, समोर हजारो झुलू. घाबरलेला पोरगा विचारतो आपणच का, आणि कलर सार्जंट बोर्न मिशीतल्या मिशीत ते उत्तर देतो. खरा बोर्न तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता, त्यामुळे 'पोरा' म्हणणं जरा विनोदीच. शेवटी झुलू गाऊन ब्रिटिशांना सलाम करतात ते घडलेलं नाही. पण झुलू राजा सेत्श्वायोचं काम त्याच्याच पणतूने, मंगोसुथु बुथेलेझीने केलंय. हाच पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणातला मोठा नेता.

रानवाटांचा क्वायचा मुद्दा इथेही लागू आहे. "आपण इथे आहोत" ठीक, पण इथे का आलो होतो हे कुणी पोराला सांगत नाही.

खडीसाखर
३ मला येतंय! द लाँगेस्ट डे, १९६२. अंधार पडत आलाय, रिचर्ड बर्टन जखमी वैमानिक, पायाची जखम सेफ्टी पिनांनी टाचलेली, भिंतीला टेकून बसलाय. समोर मेलेला जर्मन अधिकारी. एक अमेरिकन पोरगा आपली तुकडी शोधत दिवसभर भटकून तिथे पोचतो. त्याने अख्ख्या दिवसात एक गोळी झाडलेली नाही. बर्टन त्याला त्या जर्मनाचे बूट दाखवतो, उजवा डाव्या पायात, डावा उजव्या पायात. पहाटे हल्ला झाला तेव्हा घाईत घातलेले. आणि मग ते वाक्य.

तीन तासांच्या सिनेमात निम्मं हॉलिवूड आहे, जॉन वेनसकट. आठवतात ते बूट.

तोफखाना
खडीसाखर, शंभर पैकी शंभर.

फौजी_आप्पा
निकाल लावायच्या आधी तोफखानाराव, सदूभाऊंची बाजू एकदा मी घेतो. सिनेमातलं नाही, कागदपत्रांतलं आहे.

इटली, सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई नामदेव जाधव, कंपनीचा निरोप्या. नदी ओलांडताना बरोबरचे जवळजवळ सगळे पडले. त्याने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे नेलं, मग परत येऊन मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकले. मग बांधावर उभा राहून मराठ्यांची युद्धघोषणा ओरडत त्याने मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. "बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही आमची आरोळी. ती त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात नोंदली आहे. ती हळू आवाजात म्हणून चाललं असतं का?

त्याच्या आधी जुलै १९४४ मध्ये त्याच रेजिमेंटचा नाईक यशवंत घाडगे, तोही इटलीतच. त्याने काय म्हटलं कुणाला माहीत नाही, कारण ऐकायला धड कुणी उरलंच नव्हतं. गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून तो मशीनगनच्या ठाण्यावर गेला. माणगावला पुतळा आहे. दोघांवरही अजून धड सिनेमा नाही.

सदूभाऊ
आप्पा, __/\__

तोफखाना
आप्पा, जाधवांची आरोळी ऐकायला मागे बाकीच्या कंपन्या नदीकाठी थांबल्या होत्या, त्यांना कळवायचं होतं म्हणून तो ओरडला. मथुरादास समोर हातभर अंतरावर होता. माझा वाद आवाजाशी कमी आणि अंतराशी जास्त, असं समजा.

डांगोरा
हे म्हणजे गोलपोस्ट उचलून थेट सेनिओच्या पलीकडे नेलंत तुम्ही.

गडकरी_पोर
कोंढाण्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाहीये.

तिरपागडा
देतो, आमच्या मंडळाचा गेल्या वर्षीचा देखावा. तानाजी मीच होतो, घोरपड थर्माकोलची होती. आता माझा प्रश्न: "रोमेल, लेका, जबरा आहेस तू! तुझं पुस्तक वाचलंय मी!"

चिंगी
पॅटन. आणि बिचाऱ्याला नंतर कळतं की जर्मन सेनापती रोमेल त्या दिवशी रणांगणावर नव्हताच, आजारी पडून जर्मनीला गेला होता. तिरपागडा, अर्धे गुण मला नकोत, प्रसंगासकट सांगितलंय.

वेताळटेकडी
रोमेलचं १९३७चं गाजलेलं पुस्तक पायदळावर आहे बरं का. रणगाड्यांची लढाई जिंकायला पॅटनने त्यातलं नेमकं काय वाचलं?

तिरपागडा
परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही पण भलत्याच विषयाचं वाचून पास झालोय. पुढचा प्रश्न कोण टाकतंय?